नुसतं 'भंगार एपिसोड' लिहून थांबू नका: पोलिस मालिकेवर मत कसं लिहायचं

एप्रिल २०२५ मध्ये 'सीआयडी' या टीव्ही मालिकेत बार्बोझा या खलनायकाने बॉम्ब फोडला आणि टीमचा प्रमुख एसीपी प्रद्युम्न (म्हणजे शिवाजी साटमांचं पात्र) गेला, तेव्हा मला आत्याचा फोन आला. 'अरे, साटम गेले का रे?' म्हटलं आत्या, साटम ठणठणीत आहेत, एसीपी गेलाय. तिला काही पटेना, कारण चॅनेलने फोटो टाकून खाली १९९८ ते २०२५ असं लिहून श्रद्धांजली वाहिलेली, तिच्या वयाच्या माणसाने त्यातून दुसरं काय समजायचं. पुढचे दोन दिवस जो तो त्या एपिसोडवर मत देत होता आणि त्यातली शंभरातली नव्वद मतं एकाच ओळीची, 'भंगार', 'रडवलंत राव', 'बंद करा आता'. वाचून कळतच नव्हतं की एपिसोड वाईट होता, की एपिसोड चांगला होता म्हणून माणूस रडला, की एपिसोड बघितलाच नाही आणि नुसत्या बातमीवर चिडलाय.

म्हणून हे लिहितोय. मी काही समीक्षक वगैरे नाही, पण १९९८ पासून ही मालिका बघतोय (मधली काही वर्षं प्रामाणिकपणे सोडून दिली होती) आणि घरात, ऑफिसात, ट्रेनमध्ये यावर भांडून भांडून थोडी अक्कल आलीये. उदाहरणं सीआयडीचीच देतो, तुम्ही कुठल्याही पोलिस मालिकेला लावा.

पहिलं काम, एपिसोड पूर्ण बघा. हसू नका. प्रोमो बघून मत देणारे खूप असतात आणि प्रोमो तर फसवायलाच कापलेला असतो. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका सहा वर्षांनी परत आली तेव्हा प्रोमोत टीममधला अभिजीत आपल्याच सहकाऱ्यावर, दयावर गोळी झाडतो एवढं दाखवलं, लगेच लोकांनी अभिजीतला गद्दार ठरवून टाकलं, अजून एकही एपिसोड लागलेला नव्हता. आणि बघताना हातात मोबाईल असेल तर त्याचा उपयोग करा, रील्स बघण्यापेक्षा एखाद्या सीनला काही वाटलं की दोन शब्द टाइप करून ठेवा. मी फक्त तीन गोष्टी टिपतो: खुनी कोण ते मला कधी कळलं, कुठे कंटाळा आला, आणि कुठे उठून पाणी प्यायला जाणार होतो पण गेलो नाही. ही तिसरी सगळ्यात कामाची.

खुनी कधी कळला हे तर लिहाच. रहस्य असलेल्या एपिसोडवर याच्याइतकं उपयोगी वाक्य दुसरं नसतं. पण कसा कळला तेही सांगा, कारण दोन प्रकारे कळतो. एक म्हणजे लेखकाने ठेवलेला धागा तुम्ही पकडलात, म्हणजे वॉचमन म्हणाला लाइट गेले होते आणि मेहुणा म्हणाला मी टीव्ही बघत होतो, तर शाबास, तुम्हीही हुशार आणि लेखकही. दुसरं म्हणजे त्या छोट्या रोलमध्ये ओळखीचा नट दिसला, की हा एवढा मोठा माणूस चहा द्यायला कशाला येईल, हाच असणार. ती कास्टिंगची चूक आहे, कथेची नाही, तेव्हा शिव्या योग्य पत्त्यावर पाठवा. आमची आई गेली वीस वर्षं या दुसऱ्या पद्धतीने केस सोडवतेय आणि तिचा स्ट्राइक रेट एसीपीपेक्षा चांगला आहे.

आता सगळ्यात मोठा भांडणाचा विषय, लॉजिक. इथे जरा थांबतो कारण इथेच बहुतेक मतं घसरतात. प्रत्येक मालिका प्रेक्षकाशी काहीतरी ठरवून असते. सीआयडीत दया लाथ मारतो आणि दरवाजा तुटतो, हे ठरलेलं आहे. लॅबमधले डॉक्टर साळुंखे नळीत निळं पाणी ओततात, कॉम्प्युटरवर दोन पट्ट्या जुळतात आणि डीएनए मॅच, तेही जाहिरातीच्या ब्रेकआधी, हेही ठरलेलं. अशा गोष्टीवर 'असं कुठे असतं का' लिहिणं म्हणजे तमाशात जाऊन गवळण का लावली विचारण्यासारखं. हो, खऱ्या लॅबचा रिपोर्ट यायला किती वेळ लागतो ते कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा, पण ते इथे मोजायचं नसतं. तक्रार तेव्हा करा जेव्हा मालिका स्वतःचाच नियम मोडते. गेल्या एपिसोडला ज्याच्या हाताला प्लास्टर होतं तो या एपिसोडला गाडी चालवतोय, पहिल्या दहा मिनिटांत ज्या मोबाईलवरून एवढा गोंधळ झाला तो मोबाईल नंतर कुणी विचारतच नाही, अशा चुका लिहा, मिनिटासकट लिहा.

उलट एखादी मालिका 'आम्ही खरं पोलिस काम दाखवतोय' असा आव आणत असेल तर मात्र तिला सोडू नका, आणि त्यासाठी चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत खुनी रडत रडत सगळं सांगतो आणि केस संपते, तिथे खरं तर तपास अधिकाऱ्याचा घाम सुरू होतो. अटक केल्यावर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. नार्को टेस्ट, म्हणजे औषध देऊन गुंगीत केलेली चौकशी, माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, तरी मालिकांमध्ये अजून 'इसका नार्को करवाओ' असं चहा मागवल्यासारखं म्हणतात. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाचं कलम आता १०३, तेव्हा नव्या काळातली घटना दाखवून कुणी जुनं ३०२ लावत असेल तर ती चूक पकडा, फक्त बोलताना एखादं पात्र सवयीने 'तीनशे दोन' म्हणत असेल तर सोडा, आपण सगळेच म्हणतो. आणि पंचनामा! दोन पंच बोलावलेत, ते कंटाळून उभे आहेत, हवालदार लिहून घेतोय, हे दाखवणारी मालिका सापडली तर मला कळवा. सगळीकडे आपला रुमालाने पिस्तूल उचललं की झालं.

हुद्द्यांचं पण बघा. मुंबईसारख्या आयुक्तालयात पीएसआय (उपनिरीक्षक), एपीआय (सहायक निरीक्षक), पीआय (निरीक्षक) आणि त्यावर एसीपी (सहायक आयुक्त) अशी शिडी असते, ग्रामीण जिल्ह्यात एसीपी नसतोच, तिथे डीवायएसपी (उपअधीक्षक). तालुक्याच्या गावातल्या पोलिस ठाण्यात एसीपी बसवलेला दिसला तर लेखकाने गाव बघितलेलं नाही एवढं नक्की समजा. तसंच सीआयडी म्हणजे मुंबईतली एक टीम अशी आपली समजूत झालीये पण महाराष्ट्र सीआयडी हे राज्याचं खातं आहे आणि त्याचं मुख्यालय पुण्यात, मुंबईत असले गुन्हे क्राइम ब्रँच बघते. हे मत लिहिताना सुनवायची गरज नाही, नाहीतर लोक पुढच्या वेळी तुमचं वाचायचेच नाहीत, पण माहीत असलं की आपण कुठली चूक मोठी आणि कुठली किरकोळ ते ठरवू शकतो.

आता परत त्या एसीपीच्या एपिसोडकडे येतो. तिथे लोकांची गल्लत झाली ती वेगळीच. चार वेगळ्या गोष्टींवरचा राग एकाच भांड्यात ओतला गेला. एक, पात्र मेलं याचं दुःख. दोन, ज्या पद्धतीने मारलं ते पटलं नाही. तीन, चॅनेलने श्रद्धांजली टाकून जी जाहिरातबाजी केली तिचा संताप. चार, त्याच्या जागी नवा एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान येणार याची आधीच काढलेली खुन्नस. यातलं दुसरं सोडलं तर एकही एपिसोडवरचं मत नाही! तुम्हाला चारही वाटू शकतात, मलाही वाटलं, पण लिहिताना वेगळं वेगळं लिहा. बिचाऱ्या समथानला पहिला सीन करायच्या आधीच लोकांनी नापास केलं, आणि तिग्मांशू धुलियाने बार्बोझा किती निवांतपणे, आवाज न चढवता उभा केला त्यावर मात्र मोजक्याच लोकांनी लिहिलं. माझ्या मते धुलियावर लिहायला हवं होतं, कारण या मालिकेत इतका शांत खलनायक मला तरी आठवत नाही.

नंतर दोनेक महिन्यांतच एसीपी परत आला हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे अजून एक पथ्य: मालिकेत कुणी मेलं की लगेच मृत्युलेख लिहू नका. प्रेत दिसलं का, ओळख पटवली का, साळुंखेंनी हात लावला का, एवढं बघा आणि 'गेला असं दाखवलंय' असं लिहून ठेवा, पुढे अब्रू वाचते. टीममधल्या विनोदी फ्रेडीचं तसं नाही. ते काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरोखर गेले, आणि नव्या एपिसोडमधल्या कुठल्याही विनोदावर लिहिताना ती जागा रिकामी आहे हे मनात असतंच, तरी नव्या माणसाला त्या मापाने मोजू नये असं मला वाटतं. जमत नाही ते सोडा.

आठवणींचं काय करायचं हाही प्रश्नच. 'पूर्वीची मजा नाही' हे वाक्य लिहायची फार इच्छा होते, मला पण होते, मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची आणि त्यात साटम दिसायचे हे आमच्या घरात अजून निघतं. पण पूर्वीची म्हणजे नक्की कुठली ते सांगा. २००४ मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एपिसोड एकही कट न घेता एका दमात शूट केला होता. त्याच्याशी तुलना करायची तर कॅमेरा, नटांच्या हालचाली, संवादांचा वेग यावर करा, 'तेव्हा मी शाळेत होतो आणि रविवार होता' हे कारण असेल तर तेही लिहा, त्यात लाज कसली, फक्त ते मालिकेच्या नावावर खपवू नका.

प्रत्यक्ष लिहायचं कसं, तर एक नमुना देतो. एपिसोड काल्पनिक आहे. वाईट मत: 'काय फालतू एपिसोड, काहीही दाखवतात, लेखकाला काढा.' त्याच माणसाचं तेच मत जरा बसून लिहिलं तर: 'अलिबागच्या बंगल्यातला खून पहिली वीस मिनिटं मस्त धरून ठेवतो, विशेषतः मोलकरीण जबाब देताना चमचा पुसत राहते तो सीन. मेहुण्यावर संशय मला अर्ध्यातच आला पण कारण समजत नव्हतं म्हणून बघत बसलो. शेवटी कारण म्हणून एकदम जुळा भाऊ काढला, त्याचा आधी एक शब्द उल्लेख नाही, तिथे फसवल्यासारखं वाटलं. अभिजीतची चौकशी बघायची तर बघा.' झालं. चारच वाक्यं, पण बघणाऱ्याला कळलं काय आहे, न बघणाऱ्याला ठरवता आलं. फक्त यात खुनी फुटलाय, म्हणून वरती 'ज्यांनी बघितलं नाही त्यांनी पुढे वाचू नका' एवढं टाका. एपिसोड लागतो त्याच वेळेला सगळे बसत नाहीत, कुणी आठवड्याने नेटफ्लिक्सवर बघतं, कुणी अमेरिकेत बसून त्यांच्या सवडीने. माझ्या चुलतभावाने मला असा एक एपिसोड फोडलाय, त्याच्याशी मी गणपतीपर्यंत बोललो नव्हतो.

आणि कुणी तुमच्या मताला 'आवडत नाही तर बघता कशाला' म्हणालं तर उत्तर देत बसू नका. आवडतं म्हणूनच तर मिनिटं टिपत बसलोय ना राव.

आत्याने मात्र यातलं काहीच न करता त्या एपिसोडवर जे सांगितलं ते मला अजून कुणाकडून ऐकायला मिळालं नाही. एसीपी परत आला त्या दिवशी तिचा पुन्हा फोन. म्हटलं, काय मग, खूश? तर म्हणे, 'खूश कसली, मी त्या दिवशी खरं रडले होते रे, ते आता कुणाच्या खात्यात टाकू?'