बाराखडी पाठ आहे, वाचता येत नाही

नेमणूक द्विशिक्षकी शाळेत, पहिली तुमच्या गळ्यात आणि शेजारच्या बाकावर दुसरी. मालवणच्या पट्ट्यात असाल तर हे आणखी उपयोगी पडेल.

एकच गोष्ट जीव तोडून सांगते. पोरं ‘क का कि की’ एका सुरात म्हणतात, तक्त्यावर बोट फिरवतात. बोट तक्त्यावर, डोळे खिडकीबाहेर! हा सूर भल्याभल्यांना फसवतो, मलाही फसवलं. तक्ता पालथा घाला आणि फळ्यावर नुसतं ‘से’ लिहा. पोर ओठांतल्या ओठांत ‘स सा सि सी सु सू’ करत तिथवर येईल. हे मोजणं झालं, वाचणं नव्हे. ‘मो’, ‘गी’, ‘डे’ असं कुठूनही विचारा. अडलं की समजा, फक्त चाल पाठ आहे.

म्हणून अख्खी बाराखडी नको, अक्षरगट घ्या. म, ड, ग, काना आणि दुसरी वेलांटी एवढ्यावर माड, माडी, गाडी, गाडा होतात. दर वेळी एकच कार्ड बदलायचं, तेही पोराने. ‘मा’ उचलून ‘गा’ ठेवतं, थबकतं आणि ओरडतं, ‘गाडी!’ ‘माडी’ म्हणजे माडाची दारूही, म्हणून वर्ग हसेल, हसू दे.

पहिली वेलांटी मागाहून. ती लिहायची अक्षराआधी, बोलायची नंतर. डावीकडून वाचायला शिकलेलं पोर तिथे हमखास गोंधळतं. तक्त्याचा क्रम मोडला म्हणून कोणी बोललं तर बोलू दे. सल्ला देणाऱ्याने अलीकडे पहिलीला शिकवलंय का, तेवढं बघा. नसेल तर चहा पाजा नि सोडून द्या. यूट्यूबवरचे ‘आठवड्यात वाचन’वाले व्हिडिओही त्यातलेच.

‘जाळी’तला ज वेगळा, ‘जीव’मधला वेगळा. नियम सांगत बसू नका. शब्द ओळखीचा असला की उच्चार आपोआप सुधारतो. चित्राखालच्या ‘कुठे’ला कोणी ‘खंय’ म्हणालं तर रागावायचं नाही. अर्थ पोचलाय, अक्षरावर बोट ठेवून पुन्हा वाचून घ्या.

दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग अडखळत असेल तर घाबरू नका. केंद्र सरकारच्या २०२१च्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानानेही समजून वाचण्यासाठी तिसरीअखेरची मुदत दिलीय. पण त्या मुदतीवर विसंबून पोराला पुढे ढकललंत, तर चौथीत गणिताचं उदाहरणसुद्धा त्याला दुसऱ्याने वाचून दाखवावं लागतं. जोडाक्षरं मात्र दुसऱ्या सत्रात, त्याआधी अजिबात नाही.