आयसीयूतून माणूस घरी यायचा आहे: आधीची आणि नंतरच्या वर्षाची तयारी

डिस्चार्ज दोन दिवसांवर आला की घरात कॉटची चर्चा सुरू होते. कॉट भाड्याने आणायची की विकत घ्यायची, कमोड चेअर कुणाच्या माळ्यावर पडून आहे, जिना कसा चढवायचा. ती तयारी शेजारीपाजारीही सुचवतात, त्यामुळे ती होतेच. मला सांगायची आहे ती दुसरी तयारी, आणि ती माणूस आयसीयूत असतानाच सुरू करावी लागते. आमचे अण्णा न्यूमोनियाने १६ दिवस आयसीयूत होते, त्यातले ९ व्हेंटिलेटरवर. फुप्फुसं महिनाभरात सावरली. डोकं सावरायला वर्ष लागलं, आणि त्या वर्षाची आम्हाला काहीच कल्पना नव्हती.

आयसीयूतल्या भ्रमाला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं 'वात झालाय', 'वातात बरळतोय' म्हणायची, ते हेच. जंतुसंसर्ग, कमी पडलेला ऑक्सिजन, गुंगीची औषधं, रात्रंदिवस चालू असलेले दिवे, मोडलेली झोप, या सगळ्यांनी मिळून मेंदूची लक्ष धरून ठेवायची ताकद एकाएकी ढासळते. सकाळी माणूस नीट बोलतो आणि संध्याकाळी आपल्यालाच परका म्हणतो. अण्णा ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर त्यांची बोटं चादरीची तिकिटं फाडत राहायची आणि ते सिस्टरना 'मधे उभं राहू नका, पुढं सरका' म्हणायचे. मग दोन दिवस ते अगदी गप्प झाले. आम्हाला वाटलं, चला, शांत झाले. एका सिस्टरने थांबवून सांगितलं की हाही भ्रमच आहे, आणि हा गप्प प्रकार नजरेतून सुटतो. तेव्हा बडबड थांबली म्हणून निर्धास्त होऊ नका. दर भेटीत चार साधी वाक्यं बोला आणि ते लक्ष देऊन ऐकताहेत का, ते बघा.

पहिली वस्तू म्हणजे एक वही. शंभर पानी, साधी. आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर बसून रोज पाच-सहा ओळी लिहा, त्यांनाच उद्देशून: आज मंगळवार, तुम्हाला ताप होता, नळी गळ्यातून घातली आहे म्हणून बोलता येत नाही, तुम्ही ती ओढत होता म्हणून हात मऊ पट्टीने बांधले आहेत, तुमचा नातू काचेतून बघून गेला. डेन्मार्क-स्वीडनकडच्या परिचारिकांनी ही पद्धत १९८०च्या दशकात सुरू केली. कारण असं की बरा झालेला माणूस मागे वळून बघतो तेव्हा त्या दिवसांच्या जागी एक भोक असतं, आणि त्या भोकात भ्रमातल्या आठवणी खऱ्या होऊन बसलेल्या असतात. अण्णांना पक्कं आठवत होतं की रात्री दोघांनी त्यांना बसच्या टपावर बांधून घाटातून नेलं. हे ते तीन महिन्यांनी म्हणाले, तेही फक्त आईला, दिवा बंद केल्यावर. वहीतलं हात बांधल्याचं पान वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मनगटं चोळली आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.

२०१० साली युरोपातल्या १२ आयसीयूंमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी रोजनिशी एका महिन्याने हातात मिळालेल्या रुग्णांमध्ये नव्याने होणारा मानसिक आघाताचा विकार ५ टक्के दिसला, न मिळालेल्यांमध्ये १३ टक्के. पुढे २०१९ मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात असा फरक आढळला नाही. तरीही मी वही लिहायलाच सांगेन. आमच्या घरात त्या १६ दिवसांविषयी बोलायला दुसरी कुठलीच वाट नव्हती. वही त्यांच्यापुढे ढकलू नका. आहे एवढं सांगून ठेवा, मागतील तेव्हा द्या. फोटो काढायचे तर दवाखान्याची परवानगी घ्या, आणि ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका.

वहीसोबत एका पिशवीत चष्मा, कानाचं यंत्र, कवळी आणि मोठ्या आकड्यांचं घड्याळ आयसीयूत पोचवा. दिसत नाही, ऐकू येत नाही अशा माणसाला भ्रमातून बाहेर यायला आधारच सापडत नाही. प्रत्येक वस्तूवर नाव चिकटवा, नाहीतर हरवते.

डिस्चार्जच्या दिवशी बिल, मेडिक्लेमचे कागद आणि औषधांचा पुडा यांच्या गर्दीत विचारायचं राहून जातं, म्हणून प्रश्न आदल्या दिवशीच लिहून ठेवा. भ्रम किती दिवस होता? ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलं आहे का? नसेल तर लिहून मागा, कारण पुढच्या कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते कळायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: क्वेटियापीन, हॅलोपेरिडॉल किंवा झोपेची गोळी आयसीयूत सुरू केली असेल, तर ती घरी किती दिवस घ्यायची? ही औषधं तिथल्या अस्वस्थतेपुरती दिलेली असतात, पण चिठ्ठीवरून उतरायची राहतात आणि माणूस महिनोन्महिने सुस्त पडून राहतो. आमच्याकडे एक गोळी सात आठवडे अशीच चालू राहिली. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तशी कमी करा. सर्दीची, खाजेची, झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही. त्यातल्या काहींनी भ्रम परत येऊ शकतो.

खोली निवडताना खिडकीची निवडा. सकाळचं ऊन अंथरुणावर यावं, समोरच्या भिंतीवर कॅलेंडर असावं आणि रोज सकाळी त्यांनीच तारखेवर खूण करावी. रात्री संडासाच्या वाटेवर मंद दिवा ठेवा. आता एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती: घरातले आवाज तपासा. लाइट गेली आणि इन्व्हर्टर टीं-टीं वाजू लागला की अण्णा घामाने भिजायचे. तो आवाज मॉनिटरच्या अलार्मसारखा होता. इलेक्ट्रिशियनकडून तो बंद करून घेतला. मायक्रोवेव्ह, फोनचा गजर, दाराची बेल, सगळं एकदा त्यांच्या कानांनी ऐका.

जेवणाचं थोडक्यात: घास घेताना ताठ बसवा, पाणी पिताना ठसका लागत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा, कारण नळीनंतर गिळणं बिघडलेलं असू शकतं. मुगाचं कढण, अंडं, दही, नाचणी, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. आयसीयूत पहिल्या दहा दिवसांतच मांडीचे स्नायू डोळ्यांनी दिसण्याइतके झिजतात. म्हणून फिजिओला 'तब्येत जरा सुधारली की बोलवू' असं म्हणत बसू नका, पहिल्याच आठवड्यात बोलवा. पलंगावरून उठून खुर्चीत बसणं हाही व्यायामच आहे.

भेटायला येणाऱ्यांची तयारी करावी लागते, आणि ती दारातच. पहिला महिना एका वेळी दोघं, पंधरा मिनिटं. 'मला ओळखलंत का?' हा प्रश्न विचारायचा नाही, हे प्रत्येकाला आत येण्याआधी सांगा. आलेल्याने आपलं नाव आणि नातं स्वतःच सांगावं: 'अण्णा, मी सुनंदाचा मोठा, वाईहून आलो.' त्या एका प्रश्नाने माणूस परीक्षेला बसतो आणि नापास झाला की दिवसभर तोंड भिंतीकडे करून पडतो. दुसरं, भ्रमात ते काय काय बोलले, त्याचे किस्से सांगून हसायचं नाही. आमच्याकडे तिकिटांचा किस्सा एका मामांनी सर्वांसमोर सांगितला. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत, पण नंतर कित्येक दिवस पाहुणे आले की झोपेचं सोंग घ्यायचे.

आता डोक्याबद्दल, कारण खरा धक्का इथे बसतो. दीड महिन्याने अण्णा चालू लागले, घर निश्चिंत झालं, आणि मग कोपऱ्यावरच्या दुकानातून ते रडवेले होऊन परत आले. दोनशेची नोट दिली, एकशे सदतीस रुपये झाले, आणि परत किती यायचे ते त्यांना जुळेना. हा माणूस गच्च भरलेल्या गाडीत, घाटाच्या वळणावर, एका हाताने दांडा धरून सुट्ट्यांचा हिशेब तोंडी करायचा. आम्ही 'वय झालं' म्हणून समजूत घातली, ती चूक होती.

अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ८२१ गंभीर रुग्णांचा पाठपुरावा करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातल्या ७४ टक्क्यांना भ्रम झाला होता. तीन महिन्यांनी चाचणी घेतली तेव्हा ४० टक्क्यांचे गुण डोक्याला मध्यम इजा झालेल्या माणसांइतके खाली होते, आणि वर्षाने सुद्धा ३४ टक्क्यांचे तसेच होते. भ्रम जितके जास्त दिवस टिकला तितके गुण कमी, आणि हे फक्त म्हाताऱ्यांपुरतं नव्हतं. हे आकडे मी घाबरवायला देत नाही. ते आधी माहीत असते तर अण्णांना दुकानात एकटं पाठवलं नसतं आणि 'वय झालं' असं त्यांच्या तोंडावर म्हटलं नसतं.

म्हणून तीन महिन्यांची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी डॉक्टरांना स्मृती आणि लक्ष यांची चाचणी मागा. मोका नावाची छोटी चाचणी मराठीतही आहे. तोपर्यंत बँक, एटीएम पिन, ओटीपी यांना त्यांच्यासोबत घरातलं एक विश्वासाचं माणूस असू द्या. काढून घेऊ नका, सोबत बसा. हात थरथरल्याने सही जुळत नाही, तेव्हा बँकेत आधीच बोलून ठेवा. हयातीच्या दाखल्याची मुदत बघून ठेवा. स्कूटरची किल्ली डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. नोकरीतल्या माणसाने रुजू होताना पहिले काही आठवडे अर्ध्या दिवसाची सोय मागावी.

ताप, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, यातल्या कशानेही भ्रम परतू शकतो. एका दिवसात वागणं बदललं, दिवसा झोप आणि रात्री जाग उलटली, बोलण्याचा धागा तुटू लागला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. भीती, वाईट स्वप्नं, रडू, जेवणावरून वासना उडणं हे दोन आठवड्यांपलीकडे गेलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री बोलायला सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर, मराठीतूनही बोलता येतं. जीव द्यावासा वाटतो असं ते एकदाही म्हणाले तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

आणि जी व्यक्ती रात्री शेजारी झोपते तिचीही पाळी लावा. आमची आई. तिला आयसीयूबाहेरच्या चटईवरच्या रात्री अजून आठवतात, फोन वाजला की छातीत धस्स होतं. आठवड्यातल्या दोन रात्री तिने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं, हे आम्ही भांडून ठरवलं. डॉक्टरांच्या भेटीत तिच्या झोपेबद्दलही विचारा.

सहाव्या महिन्यात अण्णांनी स्वतःच आयसीयूतला तो पलंग बघायचा म्हटलं. परवानगी मिळाली, पाच मिनिटं. ते पलंगाजवळ उभे राहिले, वर बघितलं आणि एसीच्या जाळीकडे बोट दाखवून म्हणाले, 'हा टप.' असं बघायला जाताना वही सोबत ठेवा. आमच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर अण्णांनी स्वतः लिहिलं आहे, वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर, लिहायचे तशा अक्षरात, वेळेसकट.