कुपुकुपु आणि हंसराज: घरातले आजारपण सांभाळून पुण्यात नेचे कसे लावावेत

हवाई बेटांवरच्या ओलसर जंगलांची छायाचित्रे पाहिली की तिथला वृक्षनेचा, म्हणजे झाडासारखा उंच वाढणारा फर्न, आपल्या गॅलरीत असावा, असे अनेकांना वाटते. मलाही तसे वाटले होते. तिथे ‘हापुउ’ म्हणून ओळखला जाणारा सिबोटियम प्रजातीतला हा नेचा माणसाच्या उंचीपलीकडे जातो, पण फार सावकाश वाढतो आणि त्याला सतत ओल व गारवा लागतो. त्याच्या देठांच्या बुडाशी असलेली सोनेरी, रेशमी लव एकोणिसाव्या शतकात गाद्या-उशा भरण्यासाठी कॅलिफोर्नियाला जात असे. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारची हवा ठणठणीत कोरडी होते, त्यामुळे असल्या झाडाचा इथे निभाव लागणे कठीण आहे. ‘वृक्षनेचा’ म्हणून मी एका रोपवाटिकेतून आणलेले रोप पहिल्याच अक्षय्य तृतीयेपूर्वी वाळून गेले. परदेशातल्या भाच्याला बॅगेतून रोप आणायला सांगण्याचा विचारही करू नये, कारण २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार अशा रोपासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते.

सुदैवाने हवाईत मूळचे असलेले काही नेचे आपल्याकडेही मूळचेच आहेत. त्यांतला पहिला कुपुकुपु, म्हणजेच नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया. हवाईच्या भाषेत ‘कुपु’ म्हणजे कोंब फुटणे, आणि हे नाव किती सार्थ आहे ते एका पावसाळ्यातच कळते. दुसरा हंसराज, अर्थात एडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस, ज्याला तिथे ‘इवाइवा’ म्हणतात. ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्याने सुरुवात कुपुकुपुनेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे; हंसराज एका दुपारची हेळसांडही विसरत नाही.

रोपवाटिकेत दोन्हींना सरसकट ‘फर्न’ म्हणतात, त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. कुपुकुपुचे रोप पिशवीतून हलकेच सैल करून पाहावे. मुळांच्या जाळ्यात बोराएवढ्या, खवल्यांनी झाकलेल्या गाठी दिसल्या तर घ्यावे. या गाठींत पाणी साठलेले असते, आणि एखाद्या दिवशी माझ्या आजारी आईला घेऊन दवाखान्यातच संध्याकाळ झाली तर झाड त्यांच्याच जोरावर तग धरते. हंसराजाची पर्णिका, म्हणजे पानातले एक छोटे पान, उलटी करून कडेला दुमडलेली बीजाणूंची (ज्यांतून नवे नेचे उगवतात त्या सूक्ष्म कणांची) पट्टी पाहावी: ती लांबट असेल तर रोप आपले, आणि लहान, गोलसर व खाच पडलेली असेल तर ते हंसराजाचे दक्षिण अमेरिकेतले भाऊबंद, एडिअँटम राडियानम. हे राडियानम हवाईतल्या रानांतही बेसुमार पसरलेले आहे.

जागा कुठली निवडावी, हे मला तळजाईच्या टेकडीवरच्या सकाळच्या फेरीने शिकवले. आईला पहिला चहा देऊन, शेजारच्या काकूंना किल्ली सोपवून मी पाऊण तास बाहेर पडते. पावसाळ्यात त्या वाटेवर ज्या खडकांवर नेचे उगवतात, त्यांची उगवलेली बाजू पाहावी. ती बहुधा उत्तरेची किंवा पूर्वेची असते, वर कशाची तरी सावली असते आणि खाली पाणी न साचता निथळून जाते. घरातही हेच तीन नियम लावले की पूर्वेची खिडकी किंवा उत्तरेची गॅलरी आपोआप ठरते. टेकडीवरून नेचे उपटून मात्र आणू नयेत. एक तर ती वनजमीन आहे, आणि खडकाच्या फटीतून निघताना त्यांची मुळे तुटतात, त्यामुळे ते घरी जगतही नाहीत.

लागवड जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑगस्टपर्यंत करावी. पुण्याची काळी चिकणमाती कुंडीत मुळीच घालू नये. दोन वाटे पूर्ण कुजलेला पालापाचोळा, एक वाटा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक वाटा जाड वाळूत मिसळलेले विटांचे बारीक तुकडे असे मिश्रण पुरते. हंसराजाला चुन्याची आवड असल्यामुळे त्याच्या कुंडीत जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा मूठभर चुरा टाकावा. आठ इंची मातीची कुंडी घेऊन रोप असे बसवावे की ज्या गड्ड्यातून पाने फुटतात तो मातीच्या वर राहील. तो पुरला गेला तर कुजतो, आणि नव्या माणसाची सर्वांत जास्त रोपे याच चुकीने जातात. पाणी महापालिकेचे असावे. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि काही आठवड्यांत कुपुकुपुच्या पानांची टोके करपतात. माझ्याकडे एका उन्हाळ्यात नेमके हेच झाले.

पाण्यासाठी वेगळी वेळ काढण्याचा संकल्प करू नये, तो चार दिवसांत मोडतो. घरात जे काम ठरलेल्या वेळी होतेच, त्याला पाणी जोडून द्यावे. आमच्याकडे सकाळी आठला आईची रक्तदाबाची गोळी असते. गोळी दिली की त्याच हाताने मातीत बोटाचे एक पेर खुपसून पाहायचे आणि कोरडे लागले तरच पाणी घालायचे. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळच्या गोळीबरोबर दुसरी फेरी होते. कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर त्यांच्याभोवतीची हवा थोडी दमट राहते. पानांवर फवारा मारून दमटपणा फार वाढत नाही, तरी आमच्या घरी फवारा रोज मारला जातो. आईच्या उजव्या हाताची पकड सुधारावी म्हणून फिजिओथेरपिस्टने काहीतरी दाबायला द्या असे सांगितले होते. रबरी चेंडू तिने दोन दिवसांत भिरकावला, पण फवाऱ्याची बाटली ती सोडत नाही. खाटेवरून हात पोचेल इतक्या उंचीच्या स्टुलावर एक कुंडी ठेवली आहे, आणि तिच्या समोरच्या पानावर थेंब ओघळेपर्यंत दाबणे चालू असते.

फवाऱ्याचे पाणी फरशीवर मात्र पडता कामा नये, कारण वृद्ध माणसाला एक ओली फरशीही महागात पडते. स्टुलाखाली जुन्या गोणपाटाची घडी नव्हे, तर न घसरणारी, रबरी तळाची पायपुसणी घालावी, कारण गोणपाट पायाखालून सरकते. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून दोनदा रिकाम्या करून घासाव्यात, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिढी साधारण आठ-दहा दिवसांत तयार होते.

खत अगदी कमी लागते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पातळ केलेले गांडूळखताचे पाणी द्यावे, थंडीत काहीही देऊ नये. पिवळी पाने बुडापासून कापावीत. पानांच्या मागे ओळीने आलेले तपकिरी ठिपके दिसताच पुष्कळजण कीड समजून औषध मारतात. ते बीजाणूंचे पुंजके असतात, त्यांना हात लावू नये.

दुसऱ्या पावसाळ्यात कुपुकुपु कुंडीबाहेर बारीक धागे सोडतो आणि त्यांच्यावर नवी रोपे येतात. धागा तोडण्याआधी त्याचे टोक शेजारच्या लहान कुंडीत हेअरपिनने दाबून ठेवावे आणि तीन-चार नवी पाने आली की मगच कापावे. आईची देखभाल करायला येणाऱ्या मावशींनी या आषाढात असेच एक रोप मागितले आहे. त्याची हेअरपिन आईने दिली असून, ते कापायचे कधी, हेही तीच ठरवणार आहे.