डॉक्टर, वकील किंवा सल्लागारांच्या भेटीत फोनचं काय करावं?

फोन नुसता व्हायब्रेटवर ठेवून भागत नाही. लाकडी टेबलावर तो घरघरला की रिंगपेक्षा जास्त लक्ष विचलित होतं. आत जाण्याआधीच 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू करा आणि फोन बॅगेत ठेवा. हातात स्मार्टवॉच असेल तर तेही गप्प करा, नाहीतर मनगटाकडे वारंवार जाणारी नजर समोरच्याला घाईची वाटते. अलार्म मात्र सायलेंटवरही वाजतो, त्यामुळे त्या वेळेचा लावलेला असेल तर आधीच बंद करा.

घरी कुणी आजारी आहे, फोन येऊ शकतो? मग फक्त त्या नंबरला सूट द्या आणि बसतानाच सांगा, "एक महत्त्वाचा फोन येऊ शकतो, आला तर दोन मिनिटं बाहेर जाईन." आधी सांगितलं की कुणालाच खटकत नाही. रक्तदाब मोजताना मात्र तोही घेऊ नका, कारण बोलण्यानं आकडा वाढतो आणि त्या चुकीच्या आकड्यावरून औषध ठरू शकतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो फोनमध्ये रिपोर्ट शोधण्यात. "थांबा हं, इथेच होता" म्हणत चॅट वर-खाली करण्यात भेटीची पाच मिनिटं सहज संपतात. आदल्या रात्रीच रिपोर्ट, पावत्या, औषधांच्या पट्ट्यांचे फोटो एका अल्बममध्ये तारखेनुसार लावा. प्रश्न कागदावर लिहा.

बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. नाही म्हणाले तर मुद्दे लिहून घ्या आणि उठण्याआधी वाचून दाखवा.