इंग्रजी शब्द गटात शिकवायचे तर

नववीच्या मुलांचे चार-चारचे गट करून शब्दांची यादी दिली, की काय होतं ते बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे. एकजण लिहितो, बाकीचे तिघं त्याच्या वहीत डोकावतात. म्हणून यादी सगळ्यांना देऊच नका, वाटून द्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांची १९७१ सालची जिगसॉ पद्धत याच तत्त्वावर चालते: प्रत्येकाने आपल्या वाट्याचा भाग शिकायचा आणि गटातल्या इतरांना शिकवायचा.

मी धड्यातले आठच शब्द घेते. गटातल्या प्रत्येकाच्या वाट्याला दोन. निवडताना जवळच्या अर्थाचे शब्द एका तासात आणू नका. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ एकत्र आले की मुलं पुढे कितीतरी दिवस गल्लत करत राहतात. भाषाशिक्षणाचे संशोधक थॉमस टिंकहॅम यांच्या १९९३च्या प्रयोगातही असे शब्द एकत्र शिकणं जडच गेलं होतं.

आता सगळ्या गटांतली, ज्यांच्या वाट्याला तेच दोन शब्द आलेत ती मुलं एकत्र बसवा. वर्ग चाळीसचा असेल तर शब्दांच्या एका जोडीला दहाजण येतात. त्यांचे पाच-पाचचे दोन गट पाडा, नाहीतर मागचे गप्पा मारतात. गटाला एक शब्दकोश आणि पंधरा मिनिटं द्या. उच्चार, सोपा अर्थ, तो शब्द कोणत्या शब्दांबरोबर येतो आणि स्वतःचं एक वाक्य, एवढं काढायचं. चर्चा मराठीत चालू दे, मी अडवत नाही. वाक्य मात्र इंग्रजीत.

खरी गंमत ‘कोणाबरोबर येतो’ यात आहे. एका गटाने ‘कमिट म्हणजे करणे’ लिहून खाली ‘आय कमिटेड माय होमवर्क’ असं वाक्यही ठोकलं होतं. तेवढ्यात एकाने शब्दकोशातली उदाहरणं मोठ्याने वाचली: क्राइम, मर्डर, एरर.

“अरे, ही सगळी वाईटच कामं आहेत की! होमवर्क कसा बसेल?”

“का? होमवर्क काय चांगला असतो?”

बराच वाद झाला आणि वाक्य खोडलं गेलं. मी मध्ये पडले नाही. तुम्हीही पडू नका. सगळा गटच चुकीच्या अर्थावर ठाम असेल तरच बोला.

मग सगळे मूळ गटात परत. आपले शब्द शिकवताना वही बंद ठेवायची, आणि ऐकणाऱ्यांनी लगेच आपापलं नवं वाक्य करून दाखवायचं. अबोल मुलांचीही इथे फारशी अडचण होत नाही, कारण आधीच्या गटात त्यांनी तेच एकदा बोलून पाहिलेलं असतं.

शेवटी आठही शब्दांची छोटी चाचणी, ज्याची त्याने सोडवायची. गुणही ज्याचे त्याला; गटाला मिळून गुण दिले की रुसवेफुगवे सुरू होतात. आठवड्याभराने हेच शब्द पुन्हा काढते. गटात प्रत्येकाला एक ते चार क्रमांक असतात. शब्द सांगितला की चौघांनी मिळून वाक्य ठरवायचं, मग मी एक आकडा पुकारते आणि त्या क्रमांकाच्या मुलाने उठून सांगायचं. आकडा आधी फोडायचा नाही.