घड्याळ बांधून धावताय? या चुका टाळा

साताऱ्यात यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी आम्ही दर रविवारी पहाटे साडेपाचला धावायला जमतो. पूर्वी नवीन माणूस बुटांबद्दल विचारायचा. आता स्मार्टवॉच बांधलेलं मनगट पुढे करतो आणि म्हणतो, "सर, माझे ठोके जास्त आहेत का?" त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मनगटावर दिसणारा हार्ट रेट डोळे झाकून खरा मानणं. आमच्याकडे ४२ वर्षांचे एक गृहस्थ यायचे. अगदी हळू धावायचे, तरी घड्याळात कायम १७२. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके किती असावेत हे बघायला त्यांनी २२० मधून वय वजा केलं, १७८ आले आणि ते घाबरले. स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) करून घेतली, ती व्यवस्थित आली. तरी मनातली भीती जाईना. तीन महिने ते फक्त चालत होते.

एका रविवारी मी त्यांना हळूहळू धावायला लावलं आणि स्वतः सोबत राहिलो. सपाटीला १७२, चढाला १७२, उतारालाही १७२. हृदय असं वागत नाही. त्यांना थांबवलं आणि लगेच मानेवर, कंठाच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजले. ३४ ठोके, म्हणजे मिनिटाला १३६. मग पुन्हा धावताना त्यांनाच उजवं पाऊल मोजायला सांगितलं. मिनिटाला ८६ भरलं. दोन्ही पायांची मिळून १७२! घड्याळ हृदयाचे ठोके नाही, पावलं मोजत होतं. ते तिथेच कठड्यावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश टाकतो आणि रक्त कमीजास्त होताना परत येणारा प्रकाश कसा बदलतो ते बघतो. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाच्या हिसक्याने तो प्रकाश हलतो आणि यंत्र तीच लय पकडून बसतं. म्हणून घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधा, धावताना पट्टा एक भोक घट्ट करा. थंडीत हात गार असतात, रक्त कमी पोचतं, तेव्हा पहिली दहा मिनिटं चालाच. मी स्वतः ठोके मोजणारा, छातीला बांधायचा पट्टा वापरतो, बांधण्याआधी आतली बाजू पाण्याने ओली करतो. महागडं घड्याळ घ्यायला निघालेल्याला माझं सांगणं असतं, आधी हा पट्टा घे.

२२० वजा वय हे सूत्र १९७१च्या एका लेखातून रूढ झालं. ते ढोबळ सरासरी सांगतं. एकाच वयाच्या दोन माणसांत १०-१२ ठोके इकडे-तिकडे सहज असतात. बीपीसाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) घेत असाल तर हे सूत्र सोडूनच द्या आणि डॉक्टरांना विचारा. माझी सवय साधी आहे: इझी रनमध्ये, म्हणजे आरामात धावताना, शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे.

दुसरी चूक मुंबई मॅरेथॉनला दरवर्षी दिसते. चार तासांत संपवायचं म्हणून लोक घड्याळावर ५:४१चा पेस (किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद) धरतात. पण मार्ग मोजलेला असतो सर्वांत जवळच्या रेषेने. आपण वळणं बाहेरून घेतो, गर्दीतून वाट काढतो, उंच इमारतींत जीपीएसही भरकटतं. ४२.१९५ किमीऐवजी घड्याळात ४२.७ किमी भरले तर त्याच पेसने ४ तास २ मिनिटं ४१ सेकंद लागतात. वर्षभर घाम गाळलेला माणूस अडीच-पावणेतीन मिनिटांनी चुकतो आणि रडतो, ते मला बघवत नाही. मी १०, २१, ३० आणि ३५ किमीला किती वेळ व्हायला हवा ते कागदी चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहून हातावर लावतो आणि रस्त्यावरच्या पाट्यांशी ताडून बघतो.

घाटात सपाटीचा पेस शोधू नका, चढाला श्वासावर धावा.

दहा हजार पावलांचा आकडा १९६५च्या एका जपानी पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. सहा हजारांवर असाल तर आधी सात हजार करा.

कॅलरींचा आकडा अंदाज आहे, त्यावरून जेवण ठरवू नका.

झोपेचा स्कोअर उठल्या उठल्या बघू नका. आधी अंग कसं वाटतंय ते स्वतःला विचारा.

तीन आठवडे धावून घड्याळाने सांगितलेल्या हाफ मॅरेथॉनच्या वेळेवर नाव नोंदवणाऱ्यांना मी थांबवतो. गुडघे, पोटऱ्या, टाचा इतक्या लवकर तयार होत नाहीत. आधी सलग तीन महिने धावा.

आणि छातीत दडपण आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर घड्याळात ईसीजी काढत बसू नका. ते ठोक्यांची अनियमितता पकडू शकतं, हार्ट अटॅक नाही. थांबा, शेजाऱ्याला सांगा, १०८ला फोन लावायला लावा.