शेंगेन व्हिसा: कागदपत्रं पूर्ण असूनही घोडं अडतं कुठे?

माझं परतीचं विमान १७ तारखेच्या पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी सुटणार होतं. डोक्यात मात्र ते ‘१६च्या रात्रीचं विमान’ म्हणूनच बसलं होतं. त्यामुळे हॉटेल १६ पर्यंत, रजेचं पत्र १६ पर्यंत आणि प्रवास विमाही १६ पर्यंतच. व्हिसा केंद्राच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी तिकिटाचा कागद माझ्याकडे फिरवला, तारखेवर पेनाचं टोक टेकवलं आणि विचारलं, "या दिवसाचा विमा कुठंय?" मी तिथेच बाजूला बसून फोनवरून पॉलिसी एक दिवसाने वाढवून घेतली आणि प्रिंट शोधत फिरलो. यादीतला एकही कागद कमी नव्हता, तरी ही वेळ आली.

यादीप्रमाणे फाइल लावणं कुणालाही जमतं. फाइल बघणारा अधिकारी मात्र कागद मोजत बसत नाही, एकाचा दुसऱ्याशी मेळ बसतो का ते बघतो. कुठे जाणार, किती दिवस, कुणाच्या पैशाने, आणि परत कशासाठी येणार, या चार प्रश्नांची उत्तरं प्रत्येक कागदावर सारखीच निघायला हवीत. एक तारीख जरी इकडची तिकडे झाली, तरी कुठेतरी पाणी मुरतंय अशी शंका येते.

अर्ज चुकीच्या देशाकडे करणं

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. त्यात आता २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले. व्हिसा एकच असला, तरी अर्ज कुठल्याही देशाकडे टाकून चालत नाही. मुख्य मुक्काम किंवा प्रवासाचं मुख्य कारण ज्या देशात, त्याच्याकडेच अर्ज करायचा. इटलीत सहा रात्री, स्वित्झर्लंडमध्ये तीन आणि फ्रान्समध्ये दोन असतील, तर अर्ज इटलीकडे. वाटेत फ्रँकफर्टला विमान बदललं म्हणून तो जर्मनीकडे जात नाही. मुख्य देश ठरवताच येत नसेल, तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकणार, त्याच्याकडे.

"अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिथून व्हिसा काढू आणि मग हवं तिथे फिरू," हा सल्ला हमखास मिळतो. त्यासाठी कधीही न राहायच्या हॉटेलांची बुकिंगं करून ठेवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. खरा बेत विमानतळावरच्या दोन साध्या प्रश्नांत बाहेर येतो आणि मिळालेला व्हिसाही रद्द होऊ शकतो.

अपॉइंटमेंटची एवढी घाई होऊ नये असं वाटत असेल, तर तारखा आधीच बघा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची, पण ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. शेवटच्या पंधरवड्यावर भिस्त ठेवणारे नंतर तिकिटांच्या तारखा बदलत बसतात.

पासपोर्ट ‘चालू आहे’ एवढंच बघणं

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. नाव अर्जावर, तिकिटावर आणि विम्यावर पासपोर्टात आहे तसंच लिहा. बँकेत वेगळ्या पद्धतीने नोंदलेलं असेल, तर कव्हरिंग लेटरमध्ये एका ओळीत तसं सांगून टाका.

बँक स्टेटमेंटमधली अचानक आलेली रक्कम

खात्यात पैसे किती, यापेक्षा ते कसे आले हे जास्त बारकाईने पाहिलं जातं. महिनोन्‌महिने शिल्लक जेमतेम, आणि अर्जाच्या आठवडाभर आधी एक भलीमोठी रक्कम जमा! स्टेटमेंट कुणीही वाचलं तरी नजर त्याच ओळीवर थांबणार. ती उसनी घेतलेली असेल, तर मुळात हा मार्गच धरू नका. खरोखर तुमची असेल, म्हणजे मुदत ठेव मोडली, बोनस आला किंवा जागा विकली, तर त्याची पावती स्टेटमेंटच्या मागेच लावा आणि ती ओळ पेन्सिलने दाखवा. माझ्या ओळखीतल्या एकांनी ठेव मोडल्याची पावती सोबत नेली होती, पण फाइलच्या तळाशी. ती कुणी पाहिलीच नसावी, कारण नकाराच्या कागदावर पैशांच्या मुद्द्यासमोरच खूण होती.

खर्च दुसरं कुणी करणार असेल, तर त्यांचं पत्र पुरत नाही. त्यांचं स्टेटमेंट आणि तुमच्याशी असलेल्या नात्याचा पुरावाही लागतो.

विमा

किमान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू, राहण्याचे सगळे दिवस धरून. आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च. पॉलिसीवर फक्त ज्या देशाकडे अर्ज केला त्याचंच नाव नाही ना, ते पाहा.

नव्वद दिवसांचा हिशेब

भल्याभल्यांची गणितं इथे चुकतात, विशेषतः हातात मल्टिपल एन्ट्री, म्हणजे मुदतीत अनेकदा आत-बाहेर करता येणारा व्हिसा असला की. नियम असा: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हे १८० दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नाहीत. शेंगेनमध्ये असाल त्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे. आल्याचा आणि गेल्याचा, दोन्ही दिवस हिशेबात येतात.

समजा, तुम्ही १ मार्च ते १५ मे मुलीकडे राहिलात. मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे १५, म्हणजे ७६ दिवस. आता १० ऑगस्टला पुन्हा वीस दिवसांसाठी जायचंय. "मध्ये तीन महिने गेले, आता काय अडचण?" असं वाटतं. पण १० ऑगस्टपासून मागे मोजलं, तर ते ७६ दिवस अजून सगळेच्या सगळे त्या १८० दिवसांत आहेत. उरले १४. म्हणजे २३ ऑगस्टला बाहेर पडायलाच हवं. २४ तारीख हा नियमभंगाचा पहिला दिवस. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी कॅल्क्युलेटर आहे, तो वापरा, बोटांवर मोजू नका. पूर्वी पुसट शिक्क्यात एखादा दिवस खपून जायचा असं लोक सांगतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या ‘एन्ट्री-एक्झिट सिस्टिम’मध्ये येण्याजाण्याची नोंद थेट संगणकात होते, तेव्हा ती आशा सोडलेली बरी.

व्हिसा नाकारला तर

नकारासोबत एक ठरावीक नमुन्याचा कागद येतो आणि त्यावर कारणांसमोर खुणा असतात. ‘प्रवासाचा हेतू आणि अटी स्पष्ट झाल्या नाहीत’, ‘मुदतीआधी परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे’ अशी ती वाक्यं असतात. लोक चिडून तीच फाइल आठवड्याभरात पुन्हा देतात. फी परत मिळत नाही (जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो), आणि आधीच्या नकाराची नोंद व्हिसा यंत्रणेत असतेच. तेवढ्यावरून नवा अर्ज आपोआप नाकारता येत नाही, पण त्या खुणेला उत्तर देणारा नवा कागद फाइलमध्ये दिसायला हवा. परत येण्याबद्दल शंका असेल, तर आणखी एक हॉटेल बुकिंग जोडून काय उपयोग? तिथे नोकरीचं पत्र, मुलांची शाळा, चालू व्यवसायाची कागदपत्रं कामाला येतात. अपील करता येतं. ते कुठे आणि किती दिवसांत करायचं, ते त्याच कागदावर छापलेलं असतं. आधीचा नकार नव्या अर्जात लपवणं मात्र सगळ्यात महागात पडतं.

व्हिसा मिळाला तरी त्याचा स्टिकर वाचा

पासपोर्ट हातात आला की बहुतेक जण पहिल्यांदा फोटो काढतात. त्याआधी तीन गोष्टी तपासा. ‘पासून–पर्यंत’ या तारखा म्हणजे राहण्याचे दिवस नव्हेत. राहण्याचे दिवस वेगळ्या चौकटीत असतात आणि ते सहसा कमीच असतात. तिसरी चौकट एन्ट्रीची, म्हणजे किती वेळा आत येता येईल याची. तिथे १ असेल आणि तुम्ही मध्येच दोन दिवस लंडन, डब्लिन किंवा इस्तंबूलला जाऊन यायचं ठरवलं असेल, तर परतीचं दार बंद, कारण यातलं एकही शहर शेंगेनमध्ये नाही. नावात किंवा तारखेत चूक दिसली, तर तिथेच, काउंटर सोडायच्या आत सांगा.